सेपरेट म्हणजे काय ते बाईंना विचारा

किस्से गोळा करायला काही मी लग्न केलं नव्हतं. पण आठ महिन्यांत एवढे जमलेत, की मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणी ‘काय विशेष?’ विचारलं की मी आधी विचारते, ‘छोटा सांगू का मोठा?’ आणि बघायला गेलं तर निम्म्याहून जास्त किस्से एकाच शब्दाभोवती फिरतात. सेपरेट! शाळेत या शब्दाचा अर्थ मी एका ओळीत पाठ केला होता. सासरी पडेगावला आल्यावर कळलं, की ती ओळ फारच अपुरी होती.

मी घरात कमी बोलते. आणि माझा अनुभव असा, की कमी बोलणाऱ्या माणसासमोर लोक बिनधास्त बोलतात. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

* * *

सुरुवात लग्नाआधीच झाली. मुलाचं घर बघायला आमच्याकडून माझे मामा गेले होते, मीही सोबत होते. मामांनी पाण्याची टाकी बघितली, लाइटचं मीटर बघितलं, वर जाणारा जिना बघितला. मग पोह्यांची प्लेट हातात घेऊन सहज विचारलं, “मुलाला सेपरेट काही आहे का?”

सासूबाईंचा हात चहाच्या ट्रेवर थांबला. घरात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, आता मीही म्हणते. सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सावकाश म्हणाले, “सेपरेट एकदा झालंय या घरात. आता परत नाय.”

मामा गडबडले. “नाही नाही, मी रूमचं विचारत होतो.”

“रूमचं व्हय!” तात्यांनी टोपी परत घातली. “मग हाय की. मला वाटलं, पाव्हण्यांनी लग्नाआधीच सुरुवात केली!”

परत येताना मामा मला म्हणाले, “माणसं सरळ आहेत. तो एक शब्द तेवढा सांभाळ.”

* * *

‘एकदा झालंय’ म्हणजे काय, ते लग्नानंतर समजलं. माझ्या नवऱ्याचे, म्हणजे योगेशचे, मोठे भाऊ गणेशदादा आणि माझ्या जाऊबाई ज्योतीताई दोन वर्षांपूर्वी सेपरेट झाले होते. कुठं? वरच्या मजल्यावर. तेरा पायऱ्या चढून. टाकी तीच, मीटर तेच, चपला खालीच. फक्त गॅस दुसरा.

तेवढ्यानंही बाईंनी मनाला फार लावून घेतलं होतं म्हणे. महिनाभर त्या भाकरी सगळ्यांच्या हिशोबानंच थापायच्या. दोन उरायच्या. त्या फडक्यात गुंडाळून तशाच ठेवायच्या आणि सकाळी कुणाशी न बोलता गाईला द्यायच्या.

मला हे माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी आपली बोलून गेले, “हो, दादा-वहिनी वेगळे राहतात.”

बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओरडल्या नाहीत. कणीक मळता मळता म्हणाल्या, “वेगळे नाय म्हणायचं, अश्विनी. वेगळे झाले ते आपल्या गावाकडचे, पिशोरचे. सख्खे भाऊ, बांधाला बांध, अन् एकमेकाच्या मयतीला नाय गेले. आपला गणेश सेपरेट हाय.”

“फरक काय बाई?”

बाईंनी विचार केला. कणकेवर तेलाचा हात फिरवला.

“सेपरेटमधी डबा जातो.”

* * *

आता डब्याचं सांगते. आमच्याकडं खाली काही वेगळं झालं, की डबा वर जातो. वर काही झालं, की खाली येतो. आणि डबा रिकामा परत करायचा नाही. म्हणजे वरून डबा आला, की तो परत पाठवायला काहीतरी करावं लागतं. मग तो वर गेला, की त्यांना काहीतरी करावं लागतं. दोन वर्षं झाली, हे थांबलेलं नाही. कुणी सुरू केलं ते कुणालाच आठवत नाही, आणि थांबवायची हिंमतही कुणात नाही.

गोंधळ असा, की सगळी भांडी एकसारखी. बाईंनी घरातल्या झाडून सगळ्या स्टीलवर तात्यांचं नाव कोरून घेतलंय. ज्योतीताई वर गेल्या तेव्हा निम्मी भांडी वर गेली, तीही त्याच नावाची. त्यामुळे कुठला डबा कुणाचा, हे आतल्या पदार्थावरूनच ओळखायचं.

एक दिवस बाईंनी येसर केलं. डाळी-धान्यं भाजून दळलेल्या पिठाची झणझणीत आमटी. आमच्याकडं लग्नापासून बारशापर्यंत हीच. मला म्हणाल्या, “ज्योतीला देऊन ये.” मी डबा घेऊन सहा पायऱ्या चढले, तर वरून ज्योतीताई डबा घेऊन उतरत होत्या.

“काय आहे?” मी विचारलं.

“येसर. तुझ्यात?”

“येसर.”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ज्योतीताईंचे गुडघे दुखत होते, मला कंपनीतून येऊन कंटाळा आलेला. त्या वळून वर गेल्या, मी वळून खाली आले. आपापला डबा घेऊन!

खाली बाईंनी वाटीत घेऊन चव बघितली. तोंड वाकडं केलं. “मीठ कमी हाय. सेपरेट झाल्यापासून ज्योतीचा हात आखडलाय बघ.”

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ज्योतीताईंनी सांगितलं, वर दादा दोनदा मागून जेवले होते. म्हणाले होते, “काही म्हण, बाईच्या हातची चव ती बाईच्याच हातची!”

* * *

एकदा कुटुंबांची माहिती भरायला एक सर आले, हातात टॅब. दारातच विचारलं, “या घरात कुटुंबं किती?”

तात्या म्हणाले, “एक.”

बाई आतून म्हणाल्या, “दोन लिहा. गॅस दोन हायेत.”

सर म्हणाले, “मग सेपरेट आहात का?”

“गॅस सेपरेट हाय,” तात्या म्हणाले, “माणसं नाय.”

“काका, जेवण कुठं बनतं ते सांगा. वर का खाली?”

“बनतं दोन्हीकडं.”

“आणि जेवता कुठं?”

तेवढ्यात गणेशदादा वरून ताट घेऊन उतरले. ताटात वरची भाकरी, वरचा भात. खाली येऊन पातेल्यातली आमटी वाढून घेतली आणि सरांच्या शेजारी बसून जेवायला लागले! सर थोडा वेळ त्या ताटाकडं बघत राहिले. मग टॅब बंद करून म्हणाले, “मी पुढची दोन घरं करून येतो. तोवर तुमचं काय ते ठरवा.”

ते आले नाहीत.

* * *

महालक्ष्म्यांच्या वेळचा किस्सा छोटा आहे. ज्योतीताईंना वाटत होतं, आपलं वर घर झालंय, तर आपणही बसवाव्यात. त्यांनी हळूच विषय काढला. मग तात्याच म्हणाले, “बसव की. फक्त येवढं सांग, थोरली वर नेती का धाकटी?”

महालक्ष्म्या खालीच बसल्या. वरून फक्त करंज्या आल्या. डब्यात.

* * *

लग्नानंतर देवदर्शनाला पिशोरला गेलो होतो, तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. तात्यांनी विशीपर्यंत मेंढ्या राखल्या, मग शहरात येऊन कंपनीत लागले. पण रस्त्यात कळप दिसला की अजूनही जीप थांबवायला लावतात.

त्या दिवशी एक नाही, दोन कळप होते. एक इकडून, एक तिकडून, आणि वळणावर दोन्ही एकमेकांत घुसलेले! रस्ता नुसता पांढरा-काळा. आमच्यामागं गाड्यांची रांग लागली. एका मोटरसायकलवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला आणि ओरडला, “ओ बाबा, सेपरेट करा ना जरा!”

मलाही तेच वाटत होतं. मी कंपनीत क्वालिटीला आहे. आलेले पार्ट तपासायचे, चांगले एका ट्रेमध्ये, रिजेक्ट दुसऱ्या ट्रेमध्ये. दिवसभर सेपरेट करणं हेच माझं काम. पण त्या पार्टवर निदान नंबर तरी असतो!

मी तात्यांना विचारलं, “आता कसं करणार हे?”

“करावं लागत नाय,” तात्या जीपमधून उतरून कमरेवर हात ठेवून बघत होते. “आपण आपल्या वाटेनं चालायचं अन् हाक मारायची.”

आणि खरंच, त्या दोघा मेंढपाळांनी एकाही मेंढीला हात लावला नाही. एक इकडं चालायला लागला, एक तिकडं. प्रत्येकाची हाक निराळी. एकाची “हुर्र हुर्र”, दुसऱ्याची लांबलचक “ड्रर्र हाऽऽ”. तात्या म्हणाले, ही दुसरी आमच्या घरातली, माझा बाप हीच मारायचा. कळप मधून आपोआप फाटत गेला. पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

एक मेंढी तेवढी मधोमध उभी राहिली. इकडं बघे, तिकडं बघे. मग टणटण उड्या मारत एकीकडं पळाली. तिकडचा मेंढपाळ हसून ओरडला, “ही तुझी हाय रं!”

दुसरा मागं न वळता म्हणाला, “असू दे! सांजच्याला येतो न्यायला. चहा ठेव!”

* * *

आता मोठा किस्सा.

दिवाळीनंतर माझं ट्रेनिंग संपलं आणि मला फर्स्ट शिफ्ट लागली. कंपनीची बस मुकुंदवाडीला सकाळी सहा वीसला. पडेगाव शहराच्या एका टोकाला, मुकुंदवाडी दुसऱ्या. त्या वेळी पडेगावहून शेअर रिक्षा भरत नाही, आणि भरल्याशिवाय निघत नाही. योगेश गाडीवर सोडायचा, तरी दोनदा बस डोळ्यांसमोरून गेली. सुपरवायझरनं सांगितलं, “अश्विनी मॅडम, दोन लेट मार्क झाले. तिसऱ्याला माझ्या हातात काही नाही. मुकुंदवाडीत रूम बघा सरळ.”

रूम लगेच मिळाली. ओटा, नळ, एक खोली आणि समोर राहणाऱ्या घरमालकीण काकू. योगेशचं शोरूमही सिडकोत, त्यालाही जवळ. सगळं जमलं होतं. फक्त घरी सांगायचं राहिलं होतं.

“मी सांगतो,” योगेश म्हणाला. “माझी आई आहे.”

पहिल्या दिवशी जेवताना त्यानं घसा खाकरला. “बाई…”

“काय?”

“आमटी छान झालीये.”

दुसऱ्या दिवशी, “बाई, ते… टाकी धुवायला झालीये ना?” तिसऱ्या दिवशी त्यानं टाकी धुतली. आठवडाभर हेच चाललं. आमच्या घराची टाकी तेव्हा जेवढी चकचकीत होती, तेवढी आधी कधी नव्हती आणि पुढंही होणार नाही.

रूमचं उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं. शनिवारी बाई डाळ निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य एका दमात बोलले. शिफ्ट, बस, लेट मार्क, रूम, सगळं. नोकरी सोडायची नाहीये, हेही बोलले. मागं दारात योगेश उभा होता, हातात टाकी धुवायचा ब्रश.

बाईंनी सुपातून मान वर केली नाही. एक खडा काढला. बाजूला ठेवला.

“सेपरेट का वेगळं?”

कंपनीच्या वॉशरूममध्ये आरशासमोर मी पंधरा उत्तरांची प्रॅक्टिस केली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. मी उठले, मांडणीवरून तात्यांच्या नावाचा एक डबा काढला आणि बाईंसमोर आणून धरला.

“हा नेऊ का?”

बाई डब्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याचं झाकण घट्ट बसत नाय. रिक्षात सांडंल. पलीकडचा घे.”

* * *

सामान न्यायला छोटा टेम्पो आला. बाई बाहेर आल्या नाहीत, पोटात दुखतंय म्हणाल्या. ज्योतीताई जिन्यावर उभ्या राहून रडत होत्या. मी म्हटलं, “ताई, तुम्ही तर आमच्याआधी सेपरेट झालात!” तर त्या म्हणाल्या, “मी तेरा पायऱ्या गेले होते गं. तू तेरा सिग्नल चाललीस!”

टेम्पो वळणावर आला तेव्हा मागून आवाज आला. “ड्रर्र हाऽऽ!”

तात्या फाटकात उभे होते. टेम्पोवाल्यानं विचारलं, “साब, मेंढ्या हैं क्या इधर?” क्रांती चौक येईपर्यंत योगेश बाहेरच बघत होता.

* * *

पहिला आठवडा बाईंचा फोन नाही. आम्ही केला तर तात्या उचलायचे. “बाई?” “हाय की. बाहेर गेलीय.” रोज बाहेर! योगेश म्हणायचा, होईल नीट. पण रात्रीचं जेवण तो निम्मंच टाकून उठायचा.

मग मीच ठरवलं. रविवारी सकाळी येसर केलं. एकटीनं, पहिल्यांदा. तीनदा मीठ बघितलं. घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं आणि कुणाला न सांगता दोघं निघालो. बाईंना आधी कळवलं असतं, तर त्या ‘कशाला येता’ म्हणाल्या असत्या, आणि मग जाता आलं नसतं.

योगेशची गाडी सर्व्हिसिंगला, म्हणून शेअर रिक्षा. मी डबा सीटवर ठेवला, तर रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, डिब्बा गोद में लो. नहीं तो उसकी भी सीट पकडूंगा!” क्रांती चौकात रिक्षा बदलली, छावणीतून पुढं गेलो. पडेगावला पोचेपर्यंत डबा मांडीवर चांगलाच गरम लागत होता.

फाटक उघडं होतं. पण खालच्या दाराला कुलूप!

ज्योतीताई जिन्याच्या वरच्या पायरीवर आल्या. आमच्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. “अगं देवा! ते दोघं तुमच्याकडं गेलेत! बाईंनी पहाटे उठून येसर केलं. मला म्हणाल्या, तिला सांगू नको, येऊ नका म्हणतील!”

योगेशनं फोन लावला, स्पीकरवर. तात्यांनी उचलला.

“तात्या, कुठं आहात?”

“तुमच्या दारात! कुलूप हाय. तुम्ही कुठं?”

“तुमच्या दारात!”

तिकडून तात्यांचं हसू ऐकू आलं. मग ते फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात बोलायला लागले. घरमालकीण काकूंनी म्हणे दोघांना ओसरीवर खुर्च्या टाकून दिल्या. मग विचारलं, डब्यात काय आणलंत? “तर तुमची बाई काय म्हणली माहीत हाय? म्हणली, आणलं नाय काय. आमच्या सुनेनं केलंय. आम्ही येणार म्हणून करून, डबा भरून दाराशी ठेवून गेली बिचारी. मग घरमालकिणीनं भाकरी दिल्या, आम्ही तिघं जेवतोय. लई भारी झालंय म्हणती ती, अश्विनीला रेसिपी विचारणार हाय. आपलं तेवढं सांभाळून घ्या.”

मी डबा दोन्ही हातांनी धरून जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसले. ज्योतीताई वरून उतरून शेजारी येऊन बसल्या. मी फोन तोंडाजवळ नेला.

“बाईंना द्या ना.”

तिकडं जरा खुडबुड झाली. भांड्याचा आवाज आला. मग बाई. आठवडाभरानंतर.

“अश्विनी.”

“हं, बाई.”

“मीठ या वेळी बरोबर हाय,” बाई म्हणाल्या. “त्या वेळी माझाच हात आखडला होता. ज्योतीला पण सांग.”